वायुवाहिनीतील गाळणयंत्रणा : निवडीचे निकष

तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे हा परिसर मराठी वाचकांना परिचित आहे. देशाच्या ऊर्जा नकाशावरही त्याला स्थान आहे. शहराच्या पूर्वेस कुत्तालम व आसपासच्या क्षेत्रांतून ओएनजीसी खनिज तेल व नैसर्गिक वायूचे उत्पादन करते आणि हा वायू वाहिन्यांमधून वीज प्रकल्प व उद्योगांना पुरविला जातो. भातशेती आणि दाट वस्ती यांच्याखालून जाणाऱ्या या वाहिन्या सुरक्षित राहणे सर्वांच्याच हिताचे आहे. वायू स्वच्छ ठेवणारी यंत्रणा त्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

अशुद्धी कोणत्या?

विहिरीतून येणारा वायू शुद्ध मिथेन नसतो. त्यात वाळूचे कण, खनिजयुक्त पाणी आणि कंडेन्सेट म्हणजेच द्रवरूप हायड्रोकार्बन असतात. वाहिनीत गंजाचे कण, जोडकामातील धातूचा कचरा आणि लोह सल्फाइडची काळी भुकटी यांची भर पडते, तर कॉम्प्रेसरमधून वंगणतेलाचे सूक्ष्म तुषार मिसळतात. घन कणांमुळे झडपा व मापक यंत्रे झिजतात. द्रवाचे थेंब गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षात गेल्यास ज्वलन विषम होऊन तप्त भागांची हानी होते.

उपकरणांचे प्रकार

१. स्लग कॅचर व नॉकआउट ड्रम : मोठ्या प्रमाणात येणारा द्रव गुरुत्वाकर्षणाने वेगळा करतात.

२. सायक्लोन विभाजक : वायूला चक्राकार गती देऊन केंद्रोत्सारी परिणामाने साधारणतः १० मायक्रॉनहून मोठे कण बाजूला सारतात. यात बदलावयाचे गाळणघटक नसतात.

३. कोरडा फिल्टर : गाळणघटकांच्या साहाय्याने काही मायक्रॉनपर्यंतचे घन कण अडवितो.

४. फिल्टर सेपरेटर : पहिल्या टप्प्यात घन कण अडतात व बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात, दुसऱ्या टप्प्यात ते वेगळे होतात.

५. कोलेसर : सुमारे ०.३ मायक्रॉनपर्यंतचे तुषार टिपतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

निवड कशी करावी?

प्रथम अशुद्धीचे स्वरूप व प्रमाण तपासावे. कोरडी धूळ असेल तेथे कोलेसर बसविणे खर्चिक ठरते. द्रव भरपूर असेल तेथे केवळ कोरडा फिल्टर लवकर निकामी होतो. म्हणून जाडसर अशुद्धी आधी आणि सूक्ष्म नंतर, असा क्रम ठेवतात.

दुसरा निकष प्रवाह व दाबाचा. ५० बार दाबाखालील वायूचा दाब २५ बारवर आला की तो सुमारे दुप्पट जागा व्यापतो. वस्तुमान तेवढेच वाहत असल्यास वेग दुप्पट होतो आणि वेगळे झालेले थेंब पुन्हा प्रवाहात ओढले जातात. त्यामुळे पात्राचे आकारमान कमाल प्रवाह व किमान दाब गृहीत धरून ठरवावे. उलटपक्षी, प्रवाह फार घटल्यास सायक्लोनची कार्यक्षमता ढासळते. जुन्या क्षेत्रांत वायूचे उत्पादन घटत जाते आणि सोबत येणारे पाणी बहुधा वाढते. म्हणून केवळ आजच्या आकड्यांवर निवड करू नये.

तिसरा निकष देखभालीचा. गाळणघटकावरील दाबाचा फरक दाखविणारे मापक आवश्यक असते. हा फरक मर्यादेपलीकडे गेल्यास घटक बदलावा लागतो. पुरवठा खंडित होऊ नये म्हणून एक संच चालू व एक राखीव ठेवतात. लोह सल्फाइड हवेच्या संपर्कात आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे पात्र उघडताना साचलेली भुकटी ओली ठेवणे हिताचे असते.

गाळणीची मर्यादा

फिल्टर थेंब अडवितो, पाण्याची वाफ अडवीत नाही. पुढे तापमान उतरले की त्याच वाफेचे पाणी होते. ते टाळण्यासाठी ट्रायइथिलीन ग्लायकॉल किंवा आण्विक चाळणीचे निर्जलीकरण संयंत्र लागते. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे गेलच्या वाहिनीचा स्फोट होऊन २० हून अधिक जणांचा बळी गेला. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून पाणी व कंडेन्सेटयुक्त वायू वाहत होता आणि त्यामुळे नळ आतून गंजला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले.

कुंभकोणमजवळील कदिरामंगलम येथे ३० जून २०१७ रोजी ओएनजीसीच्या वाहिनीतून तेलगळती होऊन शेतजमीन दूषित झाली आणि ग्रामस्थांनी तीव्र आंदोलन केले. पुढे २०२० मध्ये तामिळनाडूने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा करून या प्रदेशात तेल व वायूच्या नव्या प्रकल्पांना मनाई केली. आधीचे प्रकल्प मात्र चालू राहिले. देशपातळीवर २००६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ वायुवाहिन्यांची तांत्रिक व सुरक्षा मानके ठरविते. मानके कागदावर असली तरी वायूची नियमित तपासणी व वेळेवर देखभाल झाली, तरच त्यांचे संरक्षण वाहिनीवर राहणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते.