बारा हजारांचा बेस आणि नवरात्र

अगं मनू, काल फोनवर "ताई, माझा बेस गिटार बारा हजारांचा आहे गं" हे तू ज्या आवाजात म्हणालीस ना, तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. लग्नात दुसऱ्याची साडी नेसून गेल्यासारखा. नवरात्रीची सुपारी मिळाली, नऊ रात्री वाजवायचंय, म्हणून आता हप्त्यांवर साठ हजारांचा बेस? थांब जरा. आधी माझं ऐक.

ज्या वाद्याची तुला लाज वाटतेय, ते जन्मालाच आलं सुटसुटीतपणापायी. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला तो कसा? लाकडाची सपाट फळी, तिच्यावर चार स्क्रूंनी आवळलेली मान. कारखान्यात झटपट जोडता यावा आणि मान बिघडली तर सरळ दुसरी बसवता यावी, असा सगळा हिशोब. व्हायोलिनसारखी पिढीजात कारागिरी त्यात नव्हतीच. आज तेच लाकूड मशीन कापतं, त्यामुळे स्वस्त बेसचंही माप सहसा चुकत नाही. फेंडरनेच 1982 पासून स्क्वायर या नावाने आपली स्वस्त वाद्यं विकायला काढली. ती घेऊन स्टेजवर चढणारे मी ढिगाने पाहिलेत.

मग पैसे वाचवतात कुठे? बारीकसारीक लोखंडात. खुंट्या, नॉब आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो जॅक.

माझ्या पहिल्या नवरात्रीतली गोष्ट. केबल खुपसतो त्या जॅकचा नट बोटाने फिरायचा. आठवडाभर मला दिसत होतं, पण "बघू नंतर". नट सैल असला की केबलबरोबर आख्खा जॅक गरगरतो आणि आतली केसासारखी वायर पिळत जाते. तिसऱ्या रात्री, गरबा ऐन रंगात आला असताना, खर्रर्र झालं आणि मग काहीच नाही. मी नुसतीच बोटं हलवत उभी. कीबोर्डवाल्या दादाने डाव्या हाताने बेस धरला म्हणून निभावलं. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, तेच जास्त जिव्हारी लागलं बघ! दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डागून घेतला, पाच मिनिटांचं काम. तेव्हा आज रात्रीच पाना घेऊन तो नट आवळ. आवळताना जॅक आतून धरून ठेव, नाहीतर तूच वायर पिळशील.

दुसरं म्हणजे सेटअप. पावसाळ्याने लाकूड हलतं, मान वाकते, तारा उंच होतात, बोटं दुखतात आणि आपण म्हणतो बेस फालतू आहे. मानेतली सळई जाणकाराकडूनच फिरवून घे. पण एवढं घरी बघ: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढ, मग तिथेच तार दाबून वाजव. ट्यूनरवर दाबलेला सूर चढा दिसला तर ब्रिजवरचा सॅडल मागे घ्यायचा, उतरा दिसला तर पुढे. तारा चांगल्या घे, केबलही, आणि पिशवीत दुसरी केबल हवीच.

आता अ‍ॅम्प. तुझा तो पंधरा वॅटचा डबा ड्रमसमोर ऐकू येणार नाही, त्याला फुल करून फाडू नकोस. पण ऑर्केस्ट्रात तुझा बेस डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जाणार, लोक ऐकणार मोठे स्पीकर. तेव्हा हप्ते भरण्यापेक्षा एक बरा डीआय घे आणि साउंडवाल्या काकांना आधीच विचार, "मला मॉनिटर मिळेल ना?"

थेट वाजवण्यात काही कमीपणा नाही गं. डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीतला बेसवादक जेम्स जेमर्सन आठव. 1962 चा प्रिसिजन, त्यात काहीही फेरफार नाही, जाड गुळगुळीत तारा आणि त्याही बदलायचा कंटाळा. उजव्या हाताचं एकच बोट, आणि आवाज सरळ रेकॉर्डिंगच्या मिक्सरमध्ये. त्याचा बेस तेव्हा स्वस्तातला होता असं नाही म्हणत मी. पण त्यात होतं काय? एक पिकअप, दोन नॉब. तुझ्याही बेसवर तेवढंच आहे की.

एक मात्र खरं सांगते. मानच पिळवटली असेल, एका बाजूची तार खरखरते आणि दुसरीकडे नाही, सेटअप करूनही तसंच, तर त्या बेसवर एक रुपयाही घालू नकोस. तो दे कुणाला शिकायला. तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन, आणि तेव्हाही साठ हजार नाहीत हं.

आणि हो, पट्टा निसटतो म्हणत होतीस ना? नळाचे दोन रबरी वायसर आण, हार्डवेअरच्या दुकानात सुट्ट्या पैशांत मिळतात. पट्टा बटणात घातला की वरून वायसर ताणून बसव. माझ्या बेसवर अजून तेच आहेत.