अर्जुनाचा नकार
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ५९ ते ६३)

परमेश्वराच्या इच्छेविरुद्ध उभे राहिलेल्यांत कंसाचे नाव प्रथम ओठावर येते. भागवताच्या दशम स्कंधातील त्याची कथा सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. मृत्यू चुकविण्यासाठी त्याने बालके मारिली, पूतनेपासून केशीपर्यंत दैत्य धाडिले. आणि अखेरीस धनुर्यागाचे निमित्त करून, आपल्या काळाला मथुरेत आणण्यासाठी अक्रूराबरोबर आपणच रथ पाठविला! श्रीकृष्ण चक्रवर्ती मथुरेस आले ते कंसाच्याच निमंत्रणावरून.

परंतु हा विरोध उघड आहे. साधकाला अधिक भय आहे ते धर्माची वस्त्रे पांघरून येणाऱ्या विरोधाचे. असा विरोध अर्जुनाच्या ठायी उत्पन्न झाला. कुलक्षय, वर्णसंकर, पितरांची अधोगती, गुरुहत्येचे पातक ही त्याची सर्व कारणे शास्त्रातीलच होती. गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षान्न सेवन करून राहणे बरे, असेही तो म्हणाला. भिक्षाधर्म ज्यांनी स्वीकारला आहे, त्यांनी या ठिकाणी विशेष थांबावे. भिक्षा वाईट नव्हे. ती विरक्ताचे भूषण आहे. तथापि अर्जुनाच्या मुखी ती वैराग्यातून आलेली नव्हती, स्वजनांच्या मोहातून आलेली होती. वस्तू उत्तम, तिच्या मुळाशी असलेली वृत्ती मात्र आज्ञा टाळण्याची.

म्हणून अठराव्या अध्यायात भगवंत त्याला स्पष्ट बजावतात, की अहंकाराच्या आश्रयाने 'लढणार नाही' असे तू मानीत असशील, तर हा तुझा निश्चय मिथ्या आहे. तुझी प्रकृतीच तुला युद्धास लावील, आणि मोहामुळे जे करू इच्छीत नाहीस तेच तू परवश होऊन करशील. ही केवळ धमकी नव्हे. तिची सत्यता द्रोणपर्वात दिसते. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा अर्जुनाने केली. ती करावयास त्याला कोणी सांगितले नव्हते. उलट, आपल्याशी विचारविनिमय न करता एवढा भार उचललास, असे श्रीकृष्णांनाच त्याला म्हणावे लागले. भिक्षेची भाषा बोलणाऱ्याचा स्वभाव हा असा होता, आणि तो ओळखणारा सारथ्याच्या आसनावर बसलेला होता.

येथे एक शंका संभवते. प्रकृती बळाने युद्ध करविणारच असेल, तर ६३व्या श्लोकात 'पूर्ण विचार करून तुझी इच्छा असेल तसे कर' ही मोकळीक कशासाठी? जे टळणारच नाही, त्यात इच्छेला वाव कोणता?

समाधान असे. अकराव्या अध्यायात हे योद्धे आपण आधीच मारिले आहेत, तू केवळ निमित्त हो, असे सांगून झालेले आहे. अर्थात घडावयाचे ते अर्जुनावाचून अडत नव्हते. अर्जुनाच्या हाती राहिले ते एवढेच, की प्रकृतीने ओढून न्यावयाचे, की आज्ञा मानून जावयाचे. जीव बद्धमुक्त आहे; बंध आणि मोक्ष या दोहोंस तो पात्र आहे. फरफटत केलेले युद्ध त्याच्या बंधात भर घालील. तेच युद्ध आज्ञापालन म्हणून केले, तर ते बंधाला कारण होणार नाही. बाण तेच, शत्रूही तेच. मोकळीक आहे ती या दोहोंतील निवडीपुरती. ती बळाने करवून घेता येत नाही, कारण बळाने दिलेल्या संमतीला संमती म्हणत नाहीत. कंसाला ही निवड कधी दिसलीच नाही.

७३व्या श्लोकातील उत्तर या दृष्टीने वाचावे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी 'मी लढणार नाही' असे म्हणून अर्जुन स्तब्ध झाला होता. मोह गेल्यावर 'आता मी लढेन' असे तो म्हणत नाही. युद्धाचा शब्दही त्याच्या मुखी येत नाही. तुमचे वचन पाळीन, एवढेच तो म्हणतो.