मावशीचं लग्न, १०८०पी

मावशीचं लग्न १९९४ सालचं. कॅसेटला बुरशी लागायच्या आत मामाने तिची डीव्हीडी करून घेतली, हे त्याचे उपकार. लग्नाला तीस वर्षं होताना मी घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, ‘एचडी करून देतो.’ ऑनलाइन होतं, फुकट होतं, त्यात काय एवढं!

१. आकडा वाढवला म्हणून चित्रात काही वाढत नाही. डीव्हीडीची एक फ्रेम ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. मी मागितलेल्या १९२० × १०८० मध्ये २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. जास्तीचे ठिपके आणले कुठून? शेजारच्या ठिपक्यांचे रंग बघून अंदाजाने भरले. पाहुणे वाढले की आमच्याकडे आमटीत पाणी घालतात, तसंच. बरं, व्हीएचएस कॅसेटवर मुळात डीव्हीडीइतकाही तपशील मावत नसे. म्हणजे माझ्या हाती आली ती आधीच एकदा वाढवलेली आमटी.

२. माणसं जाड दिसायला लागली की आधी आपली चौकट तपासावी. काकांच्या बाबतीत मला शंका आली नव्हती, पण मावशी त्या वेळी अगदी काडी होती. जुना टीव्ही ४:३ चा. १०८० उंचीला १४४० रुंदी पुरे. मी १९२० ठोकून दिल्याने अख्खं वऱ्हाड एक तृतीयांशाने रुंदावलं. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मला बघवत नव्हत्या. पैसे भरून घेतलेला पडदा रिकामा कसा ठेवायचा?

३. क्रम चुकला की दुरुस्तीच दोष होऊन बसते. अक्षता टाकणाऱ्या हातांना फणीसारखे दात फुटले होते. मी साइटला शिव्या घातल्या. पण टीव्हीच्या जुन्या पाल पद्धतीत एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. दुसरं अर्धं येईपर्यंत हात थोडा पुढे गेलेला असतो. म्हणून आधी ‘डीइंटरलेस’ करायचं, म्हणजे हे दात काढायचे, आकाराला हात नंतर लावायचा. मी उलटं केलं आणि ते दात चित्रात मुरले.

४. फाईलचं वजन रेझोल्यूशन ठरवत नाही, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. वजन म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर दहा मिनिटांचे ६०० एमबी होतात. २ मेगाबिट केले की १५०, मग चित्र ७२०पी असो की १०८०पी. कमी बिटरेटमध्ये मोठं चित्र कोंबलं की चौकोन चौकोन दिसतात, एवढंच. मी मात्र फाईल ‘जड’ झाली म्हणून ‘दर्जेदार’ समजत होतो.

५. आणि हो, फाईल अपलोड होत असताना पट्टी ६२ टक्क्यांवर होती तेव्हा सुचलं, की अख्खं घराणं मी कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर पाठवतोय. काही साइट्स सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये करतात. पान उघडल्यावर नेट बंद करूनही काम चालत राहिलं तर ती तसली. मी हे नंतर शिकलो.

६. सगळ्यात लाजवणारी गोष्ट शेवटी. आपला टीव्ही आलेलं कुठलंही चित्र स्वतःच मोठं करून पडद्यात बसवतो. मी तीन रात्री जागून जे केलं, ते तो न सांगता करत होता. मग मूळ डीव्हीडीच लावली. काळ्या पट्ट्यांसकट. पंगतीच्या दृश्यात मावशीने एकदम थांबवायला लावलं आणि मागच्या कोपऱ्यातल्या एका निळसर डागावर बोट ठेवलं. ‘हा बघ, तू. जिलबी घेऊन पळतोयस.’

मी उठून पडद्याला नाक लावून बघितलं. सहा-सात ठिपके होते.