मेंदूचा पहारा आणि प्रथिनांची वाट

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडून पाहिले. शरीरातील अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदू रंग धरत नसावा, असा त्यांचा समज झाला. तथापि, त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये मेंदूभोवतीच्या द्रवातच रंग सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि इतर अवयव कोरे राहिले. रक्त व मेंदू यांच्यामध्ये अडसर आहे, हे यावरून दिसून आले.

हा अडसर म्हणजे मेंदूतील केशवाहिन्यांची भिंत होय. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. प्राणवायू तीतून सहज पार होतो, ग्लुकोजसाठी स्वतंत्र वाहक असतात. परंतु प्रथिनांच्या मोठ्या रेणूंना सहसा मज्जाव असतो. अनेक विषारी द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण होते ते यामुळेच.

काही प्रथिनांसाठी मात्र वाट ठेवलेली असते. लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे त्यांपैकी एक. त्याला ओळखणारे ‘ग्राही’ नावाचे रेणू भिंतीच्या पेशींवर असतात. ट्रान्सफेरिन ग्राहीला चिकटले, की पेशीचे आवरण आत वळून त्याची सूक्ष्म पिशवी बनते आणि ती पेशीच्या आत शिरते. मेंदूला लोह मिळते ते या मार्गाने.

या ज्ञानाचा उपयोग हंटर रोगावर झाला आहे. या आनुवंशिक रोगात एका विकराच्या अभावी काही द्रव्ये पेशींत साचत जातात. हे विकर शिरेवाटे देण्याच्या उपचारास अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याने यकृत व प्लीहा यांची सूज उतरते. परंतु विकर हे प्रथिनच असल्याने ते मेंदूच्या दाराशी अडते. परिणामी, तीव्र स्वरूपाचा रोग असलेल्या बालकाची वाणी व बुद्धी क्षीण होतच राहते. यास्तव शास्त्रज्ञांनी ट्रान्सफेरिनच्या ग्राहीला ओळखणारे प्रतिपिंड त्या विकरास जोडले. ग्राही प्रतिपिंडाला आत घेतो आणि त्यासोबत विकरही भिंत ओलांडते. या औषधास जपानने मार्च २०२१ मध्ये मान्यता दिली.

अशा रोगांत निदान लवकर होणे महत्त्वाचे असते. शिकलेले शब्द विसरू लागलेल्या बालकास ‘मंद’ ठरवून मागे न बसविता त्याची वैद्यकीय तपासणी करवून घेणे, हे शिक्षक व पालक या दोघांचेही कर्तव्य ठरते.