विहिरीवरची गंगी : सत्ता, स्त्री आणि मानवी प्रतिष्ठा

मुन्शी प्रेमचंद यांची ‘ठाकुर का कुआँ’ ही हिंदी कथा १९३२ साली प्रसिद्ध झाली. कथा अवघ्या काही पृष्ठांची आहे. अस्पृश्य मानलेला जोखू आजारी आहे, घसा कोरडा पडला आहे आणि घरातल्या पाण्याला कुजका वास येतो आहे. त्याची पत्नी गंगी रात्रीच्या अंधारात ठाकूरच्या विहिरीवर जाते. घागर काठापर्यंत येते, तोच ठाकूरचे दार उघडते. दोर हातातून सुटतो, घागर पाण्यात पडते आणि गंगी जीव घेऊन पळते. घरी येऊन पाहते तो जोखू तेच घाण पाणी पीत असतो.

मराठी अनुवादातून ही कथा वाचताना पहिली अडचण शीर्षकातच येते. उत्तरेत ‘ठाकूर’ म्हणजे गावचा धनी, जमीनदार. आपल्याकडे मात्र सह्याद्रीच्या परिसरात ठाकूर ही एक आदिवासी जमात आहे. शब्द तोच, पण सत्तेची बाजू नेमकी उलटी. रत्नागिरीच्या वाचकाला मूळ अर्थ समजावायचा, तर ‘खोत’ हा शब्द आठवावा लागेल. खोताच्या दारची सत्ता कोकणातील कुळांनी पिढ्यानपिढ्या भोगली. ती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते.

दुसरी खूण संबोधनात आहे. मूळ कथेत जोखू पत्नीला ‘तू’ म्हणतो आणि ती त्याला ‘तुम’ म्हणते. मराठीत हाच भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा सहज उतरतो. इतका सहज, की तो आपल्या लक्षातही येत नाही. गावाने नाकारलेल्या त्या झोपडीतही एक उतरंड आहे आणि तिच्या तळाशी स्त्री आहे.

विहिरीच्या आडोशाला लपलेली गंगी विचार करते, की चोरी, जुगार आणि लबाडी करणारे हे लोक उच्च कसे आणि आपण नीच कसे? तिच्या स्पर्शाने ज्यांचे पाणी बाटते, त्यांचीच नजर तिच्या देहावर लोभाने खिळते, हेही तिला ठाऊक आहे. एवढ्यात दोन सवर्ण स्त्रिया पाणी भरायला येतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार एकच आहे : पुरुषांनी हुकूम सोडायचा आणि आपण दासीप्रमाणे राबायचे. त्या विहिरीवर जाऊ शकतात, तरीही स्वतंत्र नाहीत. जात आणि पुरुषसत्ता हे दोन्ही फास प्रेमचंदांनी एकाच विहिरीवर दाखविले आहेत. मात्र दोन्हींचा भार सारखा नाही. त्या दोघी तक्रार करीत का होईना, भरली घागर घेऊन घरी जातात. गंगी रिकाम्या हाताने परतते.

या कथेच्या पाच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी उघडपणे प्राशन केले. पुढे हा हक्क न्यायालयातही लढविला गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. गंगीचे मन बंड करून उठले होते. पण ती एकटी होती आणि रात्री गेली होती. महाडचे लोक संघटित होते आणि दिवसाउजेडी गेले. तहान तीच, फरक संघटनेचा आणि आत्मभानाचा.

कथेतील एक तपशील विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटतो. पाणी उकळले तर त्याचा दोष जातो, हे गंगीला माहीत नव्हते. म्हणजे तिच्यावर दोन दारे बंद होती, एक विहिरीचे आणि दुसरे ज्ञानाचे. पहिले दार कायद्याने उघडता येते. दुसरे शाळाच उघडू शकते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पाटी-पुस्तकाचे मोल येथे कळते.

कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आपल्या घरात कोण कोणाला ‘तू’ म्हणते आणि का? आणि आपल्या गावातील पाणवठ्यावर आज कोणाची घागर शेवटी भरली जाते? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधणे, हाच या कथेचा खरा अभ्यास होय.