इंद्रभुवन रंगवताना

सोलापुरात अ‍ॅक्रेलिकमध्ये इमारत रंगवायची तर आधी इथल्या उन्हाचा विचार करावा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन मी ऐन एप्रिलमध्ये रंगवायला घेतलं. महापालिकेची ही वास्तू म्हणजे कमानी, खांब आणि कोरीव नक्षी यांची रेलचेल, उजेड-सावलीच्या अभ्यासाला याहून चांगला विषय शहरात सापडायचा नाही. त्या कामात जे पदरात पडलं, ते नव्यानं ब्रश धरणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

पांढराशुभ्र कॅनव्हास उन्हात डोळ्यांवर येतो आणि त्यावर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. म्हणून मी आधी बर्न्ट सायनाचं मध्यम छटेचं अस्तर दिलं. अस्तर मध्यम असलं की उजेडाची जागा आणि सावलीची जागा दोन्ही पहिल्या फटकाऱ्यातच ताडून पाहता येतात. पुढं खांबांच्या कडा नेटक्या याव्यात म्हणून मास्किंग टेप लावली. टेप काढली, तर तिच्याबरोबर अस्तराच्या खपल्याही निघून आल्या आणि ऐन दर्शनी खांबावर खालचा पांढरा कॅनव्हास उघडा पडला.

याचं कारण समजून घ्या. अ‍ॅक्रेलिकचा रंग पृष्ठभागाला धरून ठेवतो तो त्यातला पॉलिमर. अस्तर पसरायला सोपं जावं म्हणून भरपूर पाणी घातलं की पॉलिमर विरळ होतो आणि थर कच्चा राहतो. तेव्हा पाणी थोडंच घ्या. रंग पातळच हवा असेल तर अ‍ॅक्रेलिक मीडियम मिसळा. तयार कॅनव्हास आणला असेल तर त्यावर जेसोचा आणखी एक हात द्या. अस्तर हाताला कोरडं लागलं तरी रात्रभर तसंच राहू द्या. टेप आधी अंगावरच्या कपड्यावर एकदा चिकटवून तिचा जोर कमी करा आणि काढताना मागच्या बाजूला दुमडून सावकाश ओढा.

दुसरी अडचण सुकण्याची. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत पॅलेटवरचा रंग बघता बघता चामड्यासारखा होतो. त्यावर उपाय घरातच आहे. पसरट ट्रेमध्ये जुना सोलापुरी टॉवेल ओला करून घडी घाला, त्यावर बटर पेपर अंथरा आणि रंग त्या कागदावर काढा. टॉवेलची ओल कागदातून वर येत राहते आणि रंग बराच वेळ मऊ राहतो. एक मात्र विसरू नका: अ‍ॅक्रेलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, कारण ओलं असताना दुधाळ दिसणारं बाईंडर सुकलं की पारदर्शक होतं. म्हणून भिंतीचा उजळ रंग अंमळ फिकट कालवा, कॅनव्हासच्या कडेला एक पट्टी ओढून सुकू द्या आणि मगच भिंतीला हात घाला.

सावल्या थांबत नाहीत. रेखाटन होताच सावलीच्या कडा आखून टाका आणि मग ऊन कितीही सरकलं तरी त्या बदलू नका. नाहीतर एका कमानीवर सकाळ आणि दुसरीवर दुपार असं चित्र तयार होतं. उभ्या रेषा डोळ्यांच्या भरवशावर सोडू नका. गवंड्याचा ओळंबा असतो तसं दोऱ्याला वजन बांधून समोर धरा, कुठला खांब कललाय ते लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढ्या निगुतीनं दिलेलं अस्तर बरेच जण इंच न् इंच झाकून टाकतात. कमानीच्या पोटाकडं नीट पाहा. वरून सावली असली तरी तापलेल्या जमिनीवरून उसळलेला उजेड तिथं पोचतो आणि ती जागा तांबूस, ऊबदार दिसते. बाहेरच्या सावलीत निळसर करडा भरा, पण कमानीच्या पोटात सायना तसाच राहू द्या. तिथं वेगळा रंग कालवावा लागत नाही आणि शेजारचा करडा आपोआप थंड वाटू लागतो. सोलापूरच्याच भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडालाही हे लागू आहे. चिऱ्यांच्या सांध्यांतून अस्तर डोकावलं तर भिंत मेल्यासारखी काळी पडत नाही.

म्हणून रंगवायला बसण्याआधी अस्तर कुठं उघडं ठेवायचं त्या जागा रेखाटनातच फुलीनं खुणावून ठेवा. काम रंगात आलं की हात आवरत नाही, त्या वेळी या फुल्याच कामी येतात.