रूढींमुळे बायकांना एचआयव्ही होतो का?

प्रश्न : आफ्रिकेतल्या मलावी देशात नवरा वारला की बायकोला ‘शुद्ध’ करण्यासाठी परक्या पुरुषाशी संबंध ठेवायला लावतात, असं वाचलं. तिकडे बायकांमध्ये एचआयव्ही इतका पसरला तो अशा रूढींमुळेच का? आपल्याकडे असं काही होतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मलावीच्या दक्षिण टोकाला न्सान्जे नावाचा जिल्हा आहे. तिथल्या काही गावांत मृत्यूचा विटाळ घरावर राहू नये म्हणून विधवेने एका ठरावीक पुरुषाशी संबंध ठेवावा, अशी समजूत आहे. या पुरुषाला ‘फिसी’ म्हणतात आणि घरचेच त्याला पैसे देऊन बोलावतात. नुकत्याच वयात आलेल्या मुलींसाठीही त्याला बोलावण्याची चाल काही ठिकाणी होती. 2016 मध्ये एरिक अनिवा नावाच्या एका फिसीने बीबीसीच्या वार्ताहराला सगळं उघड सांगितलं. शंभराहून अधिक बायका-मुलींशी आपण संबंध ठेवले, आपल्याला एचआयव्ही आहे आणि बोलावणाऱ्यांना आपण ते सांगत नाही, असं तो म्हणाला. या विधीत कंडोम चालत नाही. बातमी जगभर गेली आणि राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका यांनी त्याच्या अटकेचा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मुलींपैकी एकही साक्षीला पुढे आली नाही, म्हणून खटला विधवांच्या प्रकरणांपुरताच चालला. त्या मुली का गप्प राहिल्या असतील, हे आपल्या गावगाड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागू नये.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी लुओ लोक राहतात. त्यांच्यात विधवेला नवऱ्याच्या भावाने किंवा भावकीतल्या कुणी पदरात घेण्याची रीत आहे, तिला ‘तेरो’ म्हणतात. मूळ हेतू वाईट नव्हता. बाईला आणि पोरांना आधार मिळावा, जमीन भावकीत राहावी, असा तो होता. पण ही रीत पाळली नाही तर पेरणी करता येत नाही, नवं घर बांधता येत नाही आणि घरावर ‘चिरा’ येतो, अशी धास्ती असते. चिरा म्हणजे रीत मोडल्याबद्दल जडणारा आजार, ज्यात माणूस झिजत झिजत जातो. एड्सचंही दिसणारं रूप हेच. त्यामुळे एड्सने माणसं मरत असताना अनेक घरांनी त्यावर इलाज म्हणून तीच रीत अधिक कसोशीने पाळली. नवरा एड्सने गेलेला, बायकोच्या अंगात विषाणू, तिला पदरात घेणाऱ्याला तो लागणार आणि त्याच्याकडून त्याच्या पहिल्या बायकोला. एक रीत अशी दोन-तीन घरं पोखरू शकते.

तरीही आफ्रिकेतल्या साथीचं सगळं खापर अशा विधींवर फोडता येणार नाही. रूढी क्रूर असली म्हणजे तिने एचआयव्ही पसरतोच, असंही नाही. सोमालियात जवळजवळ प्रत्येक मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळंतपणातला धोका हे सगळं त्यातून येतं आणि तेवढ्यासाठीच ती प्रथा बंद व्हायला हवी. पण एचआयव्हीचं प्रमाण सोमालियात एक टक्क्याच्याही खाली आहे. उलट एस्वातिनी या चिमुकल्या देशात ही प्रथा नाही आणि तिथे साधारण दर चार प्रौढांत एकाला एचआयव्ही आहे.

मग एस्वातिनीत आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत काय घडलं? पुरुष वर्षानुवर्षं खाणींत कामाला आणि बायका गावी. लग्नात मुलीच्या बापाला गुरं किंवा पैसे दिले जातात, म्हणून नांदायला आलेली सून परत फिरू शकत नाही. तरुण मुलींचे जोडीदार वयाने बरेच मोठे असतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात शास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांच्या शरीरातले विषाणू एकमेकांशी ताडून लागण कुठून कुठे गेली, याचा माग काढला. पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण देणारे पुरुष त्यांच्याहून सरासरी आठेक वर्षांनी मोठे निघाले. इतकं अंतर असलं की घरात शब्द कुणाचा चालतो, हे वेगळं सांगायला नको. त्यात बाईच्या शरीराची रचनाच अशी, की एका संबंधातून पुरुषाकडून तिला लागण होण्याची शक्यता उलट दिशेच्या जवळपास दुप्पट असते. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दरवर्षी होणाऱ्या नव्या लागणींपैकी साठ टक्क्यांहून जास्त मुली आणि बायकांमध्ये होतात.

माझ्या मते रूढी मोजायचं माप एकच आहे : तिच्यामुळे बाईला नाही म्हणता येतं का, विचारता येतं का, कंडोम वापर असं सांगता येतं का? या मापाने आता आपल्याकडे बघू.

पहिलं नाव देवदासीचं घ्यावं लागतं. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या पट्ट्यात डोक्यात जट आली, घरात आजारपण आलं, की मुलगी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायची. गळ्यात मोती बांधले की तिचं लग्न होत नाही आणि कुणा पुरुषाशी तिचा संबंध जोडून दिला जातो. गडहिंग्लजला 1975 मध्ये या बायकांची परिषद भरली. कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने 2005 मध्ये. मोती बांधताना मुलीचं वय काय असतं, याचा विचार केला तर त्यात तिच्या संमतीला जागाच कुठे होती? पुढे यांतल्या अनेकजणी वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या. आणि तरी याच बायकांकडून आपण शिकावं असं खूप आहे. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था 1992 पासून काम करते आहे आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांचीच ‘वॅम्प’ ही संघटना तिथे उभी राहिली. एकजुटीने ‘कंडोमशिवाय नाही’ म्हणायची ताकद त्यांनी कमावली.

ती ताकद घरातल्या सुनेकडे आहे का? डॉ. रमण गंगाखेडकर आपल्याला कोविडच्या काळात टीव्हीवर रोज दिसायचे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला. त्यात वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या 391 जणी होत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यापैकी 13.6 टक्के जणींना एचआयव्ही होता. त्यांचं चुकलं काय? त्यांनी लग्न केलं, आणि नवऱ्याला प्रश्न विचारायची रीत नव्हती.

पोरगा वाया चाललाय, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मुलीचा जीव त्यात पणाला लागतो, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं. पत्रिका दहा ठिकाणी दाखवतात आणि रक्ताच्या चाचणीचा विषय काढला की स्थळ मोडतं. पुढे दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यात चाचणी आधी होते ती बाईची, म्हणून ‘हिनेच आणलं’ असा ठपकाही तिच्यावरच. नवरा गेला की ती पांढऱ्या पायाची ठरते आणि पोरांसकट माहेरी धाडली जाते. सासरच्या जमिनीत तिला कायद्याने वाटा असतो, पण तो मागायला कोर्टाची पायरी चढायचं बळ किती जणींकडे असतं? मलावीच्या बाईची दया करताना आपल्याकडची ही बाई विसरू नये, म्हणून इतकं लिहिलं.

रूढी बदलतात, हेही तितकंच खरं. लुओ पुरुषांत सुंता करण्याची पद्धत नव्हती. सुंतेमुळे पुरुषाला लागण होण्याचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे 2007 पर्यंत तीन मोठ्या चाचण्यांतून दिसलं. त्यातली एक लुओंच्या किसुमू शहरातच झाली होती. मग तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलणी झाली आणि केनियात 2008 पासून हजारो तरुणांनी दवाखान्यात जाऊन सुंता करून घेतली. पण यातलं थेट संरक्षण पुरुषाला मिळतं. युगांडात एचआयव्ही असलेल्या पुरुषांवर केलेल्या चाचणीत त्यांच्या बायकांना सुंतेचा फायदा दिसला नाही.

तुमच्या घरात लग्न ठरत असेल तर मुलगा आणि मुलगी दोघांचीही चाचणी करा. एकट्या मुलीची नको. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात ती मोफत होते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. लागण निघालीच तर औषधंही सरकारकडून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की त्या माणसाकडून जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. कुणाला विचारावं कळत नसेल तर 1097 या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.